लॉर्ड शाफ्ट्सबरींविषयी मला आदर का वाटतो

गिरणी कामगारांच्या इतिहासावर मी बोलतो तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी ना कोणी विचारतेच, की मताधिकाराच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या, बायबलचा शब्दन्‌शब्द ईश्वराचा मानणाऱ्या एका इंग्रज जमीनदाराचे नाव तुम्ही इतक्या आदराने का घेता. तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

अँथनी ॲशली-कूपर, म्हणजे पुढे लॉर्ड शाफ्ट्सबरी झाले ते, यांचा जन्म १८०१ सालचा. आईवडिलांकडून त्यांना माया अशी मिळालीच नाही. प्रार्थना शिकवली ती मारिया मिलिस नावाच्या घरातल्या सेविकेने, आणि आपली श्रद्धा तिच्यापासून सुरू झाली असे ते अखेरपर्यंत मानत. १८२६ मध्ये ते पार्लमेंटात गेले. गिरण्यांमध्ये कामाचा दिवस दहा तासांचा असावा ही मागणी पार्लमेंटात लढवणारे मायकेल सॅडलर १८३२ च्या निवडणुकीत हरल्यावर तिचे नेतृत्व त्यांनी स्वीकारले. १८४२ च्या खाण कायद्याने स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखालच्या कामातून बाहेर काढले, तोही त्यांच्याच प्रयत्नाने. वेड्यांच्या इस्पितळांची देखरेख, गरीब मुलांच्या फुकट शाळा, धुराड्यांत चढवली जाणारी पोरे, अशी कामे त्यांनी किती केली ते कोणत्याही चरित्रात सापडेल.

माझा आदर मात्र या यादीमुळे नाही. तो दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील विम्बोर्न सेंट जाइल्स येथील त्यांच्या घराण्याच्या जमिनीशी जोडलेला आहे. गिरणीमालक त्यांना उघडपणे सुनावत, की लँकेशरच्या कापडगिरण्यांमधल्या मुलांसाठी अश्रू ढाळणाऱ्या या लॉर्डने आधी आपल्या वडिलांच्या शेतांवर आठवड्याला ७-८ शिलिंगांवर राबणारे मजूर आणि त्यांच्या कोंदट झोपड्या पाहाव्यात. हा आरोप हेतुपुरस्सर होता आणि तरीही तो खरा होता. त्यांनी तो खरा मानला. १८४३ मध्ये डॉर्सेटमध्येच झालेल्या एका सभेत त्यांनी जमीनदारांना मजुरांच्या स्थितीबद्दल जाब विचारला, आणि वडिलांचा रोष ओढवून घेतला. १८४६ मध्ये धान्यावरील आयातकर उठवणे अटळ आहे असे त्यांचे मत झाले, तेव्हा या कराच्या बाजूने निवडून आलेल्या माणसाने जागा धरून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल म्हणून त्यांनी राजीनामा दिला. परिणामी १८४७ मध्ये दहा तासांचा कायदा मंजूर झाला तेव्हा ते सभागृहात नव्हते. ज्यासाठी त्यांनी इतकी वर्षे झुंज दिली ते विधेयक जॉन फील्डन यांनी तडीस नेले. १८५१ मध्ये वडील वारले आणि जमीन त्यांच्या हाती आली, ती कर्जासकट. घराण्याची चित्रे विकून, नवे कर्ज काढून त्यांनी मजुरांची घरे बांधायला घेतली. त्यातच ज्या कारभाऱ्यावर विश्वास टाकला होता त्याच्यामुळे मोठे नुकसान झाले आणि प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षे रेंगाळले. स्वतःवर आलेल्या आरोपाची किंमत स्वतः मोजणारे पुढारी मला इतिहासात फार भेटलेले नाहीत.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मी टाळत नाही. १८३२ च्या आणि १८६७ च्या मताधिकार सुधारणांना त्यांचा विरोध होता. १८५० मध्ये त्यांच्या ठरावामुळे रविवारचे टपालवाटप बंद पडले, आणि लोकांच्या संतापामुळे ते काही आठवड्यांतच पुन्हा सुरू करावे लागले. त्यांच्यातला धर्मनिष्ठ बाजूला काढून फक्त सुधारक तेवढा ठेवावा, असे काही अभ्यासक करतात. मला ते पटत नाही. खाणीत गाडी ओढणाऱ्या मुलीचा आत्मा ईश्वरापुढे लॉर्डच्या आत्म्याइतकाच मोलाचा आहे, ही ज्यांची ठाम समजूत होती, त्यांचीच सब्बाथ, म्हणजे रविवारचा पवित्र विसावा, मोडू नये ही समजूतही होती. एकाच मुळातून दोन्ही आले.

मुंबईशी त्यांचा संबंध थेट आहे. १८७५ मध्ये आणि पुन्हा १८७९ मध्ये त्यांनी लॉर्ड्सच्या, म्हणजे पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहात हिंदुस्थानातील गिरण्यांसाठीही कायदा करण्याची मागणी मांडली. त्या मागणीमागे मँचेस्टरच्या मालकांचा स्वार्थही उभा होता, कारण मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जड जात होते. परंतु १८४३ मध्येच चीनमधील अफूच्या व्यापाराविरुद्ध, म्हणजे सरकारच्या उत्पन्नाविरुद्ध, ठराव आणणाऱ्या या माणसाला मँचेस्टरचा हस्तक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला तो अगदी तोकडा: सात वर्षांखालील मुलांना बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास, आणि प्रौढांना काहीच नाही. प्रौढांसाठी साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली ती १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी भरवलेल्या सभांमधून खुद्द मुंबईच्या गिरणी कामगारांनी. मजुरांनी स्वतः संघटित होऊन आपले कायदे मागावेत, हे शाफ्ट्सबरींना आपल्या देशात कधी मनापासून रुचले नव्हते, आणि माझ्या आदराची मर्यादा मी तिथेच आखतो.