आमची वाटचाल : दिसतंय, पण रेकॉर्ड होतंय का?

आमचा मूळ धंदा केबल टीव्हीचा. कुंडलिकेच्या अलीकडे जुना जालना, पलीकडे नवीन जालना, आणि दोन्हीकडच्या गच्च्यांवरून आमची काळी वायर. डिश आली, मग सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि गल्लीतल्या केबलवाल्याच्या हाती महिन्याची वसुली करणं आणि शिव्या खाणं एवढंच उरलं. तो धंदा सोडला तेव्हा आमच्याकडे होतं काय? शिडी, ड्रिल मशीन, क्रिम्पिंगचा पाना आणि गच्चीच्या कठड्यावर न घाबरता चालणारी दोन पोरं. सीसीटीव्हीची वायरही ७५ ओहमचीच कोअॅक्सियल, त्यामुळे हात बसलेला होता. कॅमेऱ्याच्या धंद्यात आलो ते असे. फार मोठा विचार वगैरे काही नव्हता.

ते दिवस ॲनालॉगचे. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग करणारा डबा, चार चॅनेलचा, चित्र फार तर ७०४ बाय ५७६ पिक्सेलचं, आणि डिस्क लवकर भरू नये म्हणून बहुतेक जण ते ३५२ बाय २८८ वरच ठेवायचे. गल्ल्यापाशी कुणीतरी उभं होतं एवढं कळायचं. तो कोण, हे ज्याला आधीपासून ठाऊक त्यालाच ओळखू यायचं. पण तक्रार नसायची, कारण गिऱ्हाइकाला खरं हवं असायचं ते दारावरचं ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’ हे स्टिकर. पुढे त्याच कोअॅक्सियलवरून दोन मेगापिक्सेलचं चित्र यायला लागलं, भाव उतरले आणि मोंढ्यातल्या आडतींपासून ते मंगल कार्यालयांपर्यंत सगळीकडे कॅमेरे लागले. मग चोऱ्यांच्या तपासात पोलीस दुकानादुकानांत फुटेज मागायला लागले, आणि कुणाच्या कॅमेऱ्यातून काय निघतं ते उघडं पडू लागलं.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. किती कॅमेरे पाहिजेत हे आम्ही आधी विचारत नाही. विचारतो : शेठजी, कोणत्या जागी काय ओळखू यायला हवं? माणसाचा चेहरा, गाडीचा नंबर, नोटेचा रंग, की नुसतं कुणी आलं-गेलं? याचं उत्तर मिळालं की बाकीचं गणित सोपं आहे. अनोळखी माणसाचा चेहरा ठामपणे ओळखायचा तर चित्रात समोरच्या जागेच्या एका मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. हा आंतरराष्ट्रीय मानकातलाच आकडा आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे पिक्सेल १९२०. म्हणजे चित्रात मावणाऱ्या जागेची रुंदी साडेसात मीटरच्या पुढे गेली की चेहरा हातचा गेला. २.८ मिलिमीटरच्या लेन्सने ही मर्यादा कॅमेऱ्यापासून तीनेक मीटरवरच येते. ६ च्या लेन्सने सात-आठ मीटर मिळतात, १२ च्या लेन्सने सोळा-सतरा. पण लोकांना आवडते ती २.८, कारण तिच्यात अख्खं दुकान दिसतं. अख्खं दुकान दिसतं आणि चोराचं तोंड अंगठ्याच्या नखाएवढं! आम्ही म्हणतो, एक रुंद लावा, पण दाराच्या चौकटीवर रोखलेला एक ६ चा लावाच. आत येणारा माणूस त्या चौकटीतूनच येणार आहे.

हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर. जालन्याच्या स्टील कारखान्यांत रात्रंदिवस भंगाराच्या गाड्या येतात आणि सगळा पैसा काट्यावर ठरतो. एका कारखान्यात आधीच्या कुणीतरी काट्यासमोर खांबावर उंच एक मोठा महागडा कॅमेरा लावून ठेवला होता. दिवसा चित्र सुरेख. रात्री गाडी समोर आली की हेडलाइटचे दोन पांढरे गोळे आणि मधे काळोख. नंबर कुठंच नाही. मालकांना वाटत होतं की कॅमेरा आणखी भारी घ्यावा लागेल. आम्ही तोच कॅमेरा खाली उतरवला, नंबरप्लेटच्या उंचीच्या जवळ आणला आणि गाडीच्या मागच्या बाजूला, थोडा कडेला लावला. मागच्या प्लेटवर हेडलाइट येत नाही. शटरचा वेग वाढवला, झूम करून चित्रात फक्त गाडीची पाठ ठेवली. नंबर आला. मग काट्यावरच्या पोराने हळूच कानात सांगितलं की खरी गोम नंबरात नाहीच. रिकाम्या गाडीचं वजन करताना ड्रायव्हर मागचं एक चाक काट्याच्या प्लेटच्या बाहेर ठेवतो. रिकामं वजन कमी भरलं की भंगार तेवढं जास्त दिसतं. म्हणून दोन स्वस्तातले कॅमेरे फक्त चाकांवर लावले आणि एक वरून ट्रॉलीत डोकावणारा. त्या कारखान्याने पुढे आम्हाला बरंच काम दिलं, आणि काट्याचं काम निघालं की आजही आम्ही आधी काट्यावरच्या पोराशी बोलतो, मग मालकाशी.

बिघाडाच्या बाबतीत सांगायचं तर आमच्याकडे येणारा निम्म्याहून जास्त त्रास कॅमेऱ्याचा नसतोच. तो वायरचा आणि करंटचा असतो. मोंढ्यातून ठरलेला फोन येतो : ‘‘भाऊ, दिवसा चालतोय, रात्री काहून दिसंना गेलंय?’’ असा कॅमेरा बघायचा तर दिवेलागणीलाच जावं लागतं. शिडी लावून कॅमेऱ्याजवळ कान नेला की अंधार पडताना आत बारीक ‘टक’ असा आवाज येतो. आतली काच सरकते, म्हणजे कॅमेरा रात्रीच्या मोडवर गेला. त्याबरोबर इन्फ्रारेडचे दिवे पेटतात, मंद लालसर दिसतात आणि कॅमेऱ्याची करंटची भूक दुप्पट-तिप्पट होते. एसएमपीएस, म्हणजे कॅमेऱ्याला पॉवर देणारा डबा, दुकानाच्या आत, मधे सत्तर-ऐंशी मीटर बारीक तारेची थ्री प्लस वन केबल, म्हणजे चित्राची वायर आणि पॉवरच्या तारा एकत्र. तिथं पिनेला मल्टिमीटर लावला तर दिवसा साडेदहा व्होल्ट, दिवे पेटले की आठच्या खाली. कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की दिवे विझतात, व्होल्टेज पुन्हा वर येतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, पुन्हा ‘टक’, पुन्हा बंद. रात्रभर हाच खेळ. आणि गिऱ्हाइकाने मधल्या काळात दोन कॅमेरे बदललेले असतात! उपाय साधा : पॉवरची वेगळी जाड तार टाका, नाहीतर कॅमेऱ्याजवळच सप्लाय द्या. लांबचं अंतर असेल तर सरळ आयपी कॅमेरा, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारा, घ्या. त्याला पीओई स्विचमधून, म्हणजे त्याच केबलवरून पॉवरही देणाऱ्या डब्यातून, ४८ व्होल्टच्या आसपास पुरवठा जातो, त्यामुळे वाटेत दोन-तीन व्होल्ट गळाले तरी बिघडत नाही. मर्यादा फक्त शंभर मीटरची.

पण तिथंही केबल खरी पाहिजे. बाजारात कॅट सिक्स या नेटवर्क केबलची ३०५ मीटरची पेटी निम्म्या भावातही मिळते. ती घेणाऱ्याला आम्ही एक तार ब्लेडने खरवडून दाखवतो. तांब्याची असेल तर आतपर्यंत लाल. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, म्हणजे सीसीए. तिचा रोध जास्त, आणि पंचिंग करताना तुटते ती वेगळीच. कोटेशनमध्ये आमचा भाव दुसऱ्यापेक्षा जास्त दिसतो तो बहुतेक वेळा इथंच. काही गिऱ्हाइकं यावरून जातात. जाऊ द्यावीत.

कारखान्यांत आणखी एक छळ : चित्रावर आडवे पट्टे वर सरकत राहतात. ऑफिसचं अर्थिंग वेगळं, भट्टीच्या शेडचं वेगळं, आणि दोघांना जोडणारी आमची कोअॅक्सियल. दोन अर्थिंगमधला फरक मग तिच्या जाळीतून वाहतो. दोन इमारतींच्या मधे आम्ही आता तांबं टाकतच नाही, फायबर टाकतो आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची वायर जोडणारा डबा. त्याचा दुसरा फायदा मे महिन्यात कळतो. वळवाचा पाऊस आला, शेडवर वीज कडाडली की तांब्याच्या वायरीने जोडलेले डीव्हीआर एका फटक्यात रांगेने जायचे. फायबरमधून करंट येत नाही. (उंदीर मात्र फायबरही कुरतडतात. मोंढ्यात पाइपाशिवाय काहीच टाकू नये.) कोळ्यांचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही. इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि रात्री लेन्ससमोरचं एक जाळं अख्खं चित्र पांढरं करून टाकतं. आमचा उपाय म्हणजे लांब काठीला बांधलेला झाडू.

आता मूळ मुद्दा. गिऱ्हाईक मोबाइलवर लाइव्ह बघतं आणि समजतं की सगळं ठीक चाललंय. लाइव्ह दिसायला हार्ड डिस्क लागतच नाही. डिस्क मेलेली असली तरी चित्र झकास दिसतं. मेली की डीव्हीआर ‘टीं टीं’ करून ओरडतो, पण दुकानात त्याचा त्रास होतो म्हणून कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बझर बंद केलेला असतो. मग चोरी होते आणि प्लेबॅकमध्ये गेल्या चार महिन्यांत काहीच नसतं. म्हणून आमच्या वार्षिक करारात दर महिन्याच्या फेरीत पोराने प्रत्येक कॅमेऱ्याचं आठवड्यापूर्वीचं रात्रीचं रेकॉर्डिंग उघडून बघायचं आणि त्याचा स्क्रीनचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचा, असं लिहिलेलं आहे. काच पुसणं त्यानंतर.

डिस्कचा हिशेबही आम्ही कागदावर करून देतो. एक कॅमेरा ४ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिटने, चालला तर दिवसाला ४३ जीबी खातो. आठ कॅमेरे धरले तर २ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. विकणारा मात्र ‘महिनाभराचं राहतं’ असं बिनधास्त सांगून गेलेला असतो. एच.२६५ वर, म्हणजे चित्र जास्त दाबून साठवणाऱ्या पद्धतीवर, २ एमबीपीएस ठेवलं तर त्याच आठ कॅमेऱ्यांच्या महिन्याला सव्वापाच टीबीच्या आसपास लागतात, म्हणजे ६ टीबीची डिस्क. तीही चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली सर्व्हेलन्सची. जुन्या कॉम्प्युटरमधली काढून लावायची नाही.

आणि घड्याळ! डीव्हीआरच्या आत दहा-वीस रुपयांचा बटन सेल असतो. तो संपला की लाइट गेली-आली की तारीख मागे जाते. चोरी जूनची आणि फुटेजवर तारीख भलत्याच वर्षाची. कोर्टात असल्या फुटेजवर समोरचा वकील तुटून पडणार. या बाबतीत आमच्या जालन्याचं नाव तर देशभरच्या वकिलांना पाठ आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला होता की नंतर, यावरून वाद झाला आणि पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण पुढे आलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं की मूळ यंत्रच कोर्टात आणून सिद्ध केलं नसेल, तर कॉपीसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, तीही लिहावी लागते. त्यामुळे आम्ही पेनड्राइव्हवर फुटेज काढून देताना हॅश काढतो, डीव्हीआरचा सिरियल नंबर आणि घड्याळातला फरक लिहून ठेवतो. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं फुटेज गावात फिरवायला बरं, पुढे त्याचा भरवसा नाही.

पासवर्डबद्दल थोडक्यात. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कंपनीचाच पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. आम्ही पासवर्ड मालकाच्या समोर, मालकाच्याच हाताने टाकून घेतो आणि आमच्यासाठी वेगळा, कमी अधिकारांचा युजर बनवतो. आधीचा इन्स्टॉलर फोन उचलत नाही आणि पासवर्ड फक्त त्याच्याकडे, अशी यंत्रं आमच्या टेबलावर नेहमी पडलेली असतात. ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्यांचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. स्वस्तातला बराच माल बाजारातून गेला, भाव थोडे चढले. आम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही.

सध्या नवं काम आहे ते मोसंबीच्या बागांचं. फळ तोडणीला आलं की रात्रीत झाडं मोकळी होतात. शेतात सिंगल फेज कधी असते कधी नसते, म्हणून सोलर आणि फोरजी सिमचा कॅमेरा. बॅटरीवर झोपून राहणारा आणि हालचाल झाली की जागा होणारा कॅमेरा स्वस्त पडतो, पण जागा होईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात चोर चित्राबाहेर. चोवीस तास चालणारा ६ वॉटचा घेतला तर दिवसाला १४४ वॉट-अवर लागतात. १२ व्होल्ट ४० एएचची बॅटरी कागदावर तीन दिवस पुरते, आणि ४० वॉटच्या पॅनलवर मार्चमध्ये निभतं. श्रावणात मात्र निभत नाही, म्हणून आम्ही ७५ किंवा १०० वॉटचं देतो. सिम घ्यायच्या आधी बागवाल्या दादांना त्याच खांबाच्या जागी रात्री उभं राहून सगळ्या कंपन्यांची रेंज बघायला लावतो. एवढं करूनही मागच्या हंगामात एका बागेतून मोसंबी शाबूत राहिली आणि पॅनल चोरीला गेलं. आता दोन खांब असे रोवतो की एकाचं पॅनल दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात दिसेल.