आमची वाटचाल : अंडी, हिरवा रंग आणि आठ आठवडे

मिरजेत लॅबना रसायनं पुरवायचं आमचं छोटं दुकान. १९९८ साली टीबीचं कल्चर करणाऱ्या, म्हणजे नमुन्यातले जंतू बाटलीत वाढवून बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "एल. जे.च्या बाटल्या बनवून द्याल का? बाहेरून येतात त्या वाटेतच खराब होतात." हो म्हणून बसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, उद्यापासून अंडी फोडायची. आमच्या माळकरी घरात!

एल. जे. म्हणजे लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यम, टीबीच्या जंतूंचं खाद्यच म्हणा. लिटरभर फेटलेल्या अंड्याला ६०० मिली क्षारांचं पाणी, त्यात ग्लिसरॉल, वर मॅलॅकाइट ग्रीन. हा हिरवा रंग इतर जंतूंना आवरतो. गाळून बाटल्या भरायच्या आणि तिरक्या ठेवून ८५ अंशांवर पाऊण तास घट्ट करायच्या. उष्णता जरा चढली की बुडबुडे येऊन सगळी जाळी पडते. पहिला महिना आम्ही जाळीच बनवली.

खरी फजिती दुसऱ्या वर्षी. एका लॅबचा फोन आला, "स्लाइडवर जंतू ढीगभर, तुमच्या बाटलीत आठ आठवड्यांनीही काही नाही." शोधता शोधता पोल्ट्रीपर्यंत पोचलो, तर कोंबड्यांना अँटिबायोटिक चालू! ते अंड्यात उतरलं आणि बाटलीतले जंतू वाढेनात. सगळा लॉट परत घेतला. आता पोल्ट्रीवाल्याला आधी औषधाचं विचारतो, भावाचं मागाहून.

बाटलीत उगवलं ते टीबीचंच असतं असं नाही, हे बाईंनी शिकवलं. पाण्यामातीतले भाऊबंदही उगवतात, आणि त्यांची औषधं वेगळी. म्हणून जोडीला पीएनबीची बाटली. पीएनबी म्हणजे पॅरा-नायट्रोबेंझोइक ॲसिड, टीबीच्या गटाची वाढ रोखणारं रसायन; मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम. साध्या बाटलीत वाढ आणि पीएनबीत काहीच नाही, तर टीबीचा गट. दोन्हीकडे उगवलं तर बहुधा भाऊबंद. पीएनबी पाण्यात नीट विरघळत नाही, हे आम्हाला तळाशी साका बसल्यावर कळलं. टीबीचीच खात्री करणारी नायसिन टेस्ट बाई स्वतः करत. तिला लागणारं सायनोजेन ब्रोमाइड इतकं विषारी, की तो माल मी दुकानात ठेवलाच नाही.

पुढे द्रव माध्यमाची यंत्रं आली. एमपीटी-६४ची, म्हणजे टीबी गटाचे जंतू सोडतात ते प्रथिन ओळखणारी पट्टी आली. दिसायला थेट गरोदरपणाच्या टेस्टसारखी, उगवलेलं कल्चर टीबी गटाचं आहे का ते १५ मिनिटांत सांगते. आमच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. तरी फुलकोबीसारखी ती खरखरीत, फिकट पिवळी वसाहत, म्हणजे जंतूंचा पुंजका, डोळ्यांनी बघायची असेल, तर अजून आमचीच बाटली लागते.

या आठवड्यात चारशे बाटल्या द्यायच्यात, त्यातल्या शंभर पीएनबीच्या. दोन ट्रे अंडी सांगितलीत, अजून आलेली नाहीत.