बँकर लागला की चहा

रविवार, जून. पाऊस लांबलाय.

मेगाब्लॉकच्या कृपेनं कुठेच जाणं झालं नाही, संध्याकाळी उगाच स्टेशनवर चक्कर मारली. नाशिककडे जाणारी एक मेल उभी होती आणि मागे बँकर, म्हणजे ढकलायची जादा इंजिनं, लागत होते. कसाऱ्यात जन्म गेला तरी मी हे बघायला अजून थांबतोच. इंजिनं हळूहळू सरकत येतात, शेवटच्या डब्यापासून हातभर अंतरावर थबकतात, पॉइंट्समन हात हलवतो आणि मग जो ठोका बसतो तो पार पुढच्या डब्यांपर्यंत जातो, वरच्या बर्थवरचा कोणीतरी दचकून उठतो. नवखा माणूस हमखास विचारणार, काय झालं, इंजिन फेल का? नाही ओ, घाट चढायचाय.

इगतपुरी इथून जेमतेम १५-१६ किलोमीटर, पण चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. पुढच्या इंजिनाला एकट्याला झेपत नाही म्हणून मागून दोन-तीन ढकलायला, वर पोचल्यावर ती सुटतात आणि परत खाली येतात पुढच्या गाडीसाठी.

आमच्या गावाचं सगळं या थांबण्यावर उभं राहिलं. रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली १८६१ ला आणि घाट होऊन इगतपुरी जोडली १८६५ ला, मधली चार वर्षं आम्हीच शेवटचं स्टेशन, पुढे जायचं तर उतरा आणि घाटरस्ता धरा. बोर घाट काय नि आमचा थळ घाट काय, बोगदे फोडताना किती मजूर पटकीनं, तापानं, सुरुंगानं गेले, इंजिनियर साहेबांची नावं पुस्तकात आहेत, यांची कुठेच नाहीत.

आजोबा घाटात गँगमन होते. पावसाळ्यात रात्रीची गस्त, हातात कंदील, पिशवीत फटाके (दिवाळीचे नव्हे, रुळावर लावायचे, चाक वरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो). दरड आली तर आधी फटाके लावायचे मग जीव वाचवायचा, असं ते हसत सांगायचे, आजी मात्र त्यावर कधी हसली नाही. आता यंत्रं आलीत म्हणतात, पण पावसाळ्याआधी हिल गँगवाले दोरावर लटकून सुटे दगड पाडतातच, आणि तरी २०२१ च्या जुलैत घाटात दरड आली आणि उंबरमाळीला पाणी प्लॅटफॉर्मला लागलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच.

थांबणं मात्र आता कमी होत चाललंय. २०१९ ला सुरू झालेली राजधानी दोन्हीकडे इंजिन लावून चढायला लागली, २०२३ पासून शिर्डीची वंदे भारतपण बँकरशिवायच जाते. वेळ वाचतो, चांगलंच आहे, मलापण मुंबईहून घरी यायला अडीच-तीन तास लागतात तेव्हा मी कशाला नावं ठेवू. पण त्या दहा मिनिटांत चहा, वडापाव, मे महिन्यात पानाच्या द्रोणातली करवंदं विकून घर चालवणाऱ्यांचा हिशोब कुठल्या टाइमटेबलात बसतो ते कोणी सांगत नाही.

आणि पाण्याचं काय बोलणार. भातसा, तानसा, वैतरणा सगळं याच डोंगरातलं, मुंबईत नळ सोडला की धो धो, आणि आमच्याकडच्या पाड्यांवर जूनमध्ये टँकरपुढे हंड्यांची रांग. याचा मला राग येतो, खरंच येतो.

आत्यानं आज पहिली शेवळं (रानभाजी) आणली रानातनं, निवडून जुड्या बांधून ठेवल्यात, पहाटेच्या लोकलनं दादरला नेणार. सोबत काकडं (भाजीची खाज मारणारी आंबट फळं) घ्याच असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, बायका म्हणतात नको, तेवढेच पैसे वाचतील, आणि मग भाजी खाऊन घसा खाजला की दुसऱ्या दिवशी येऊन आत्याशीच भांडतात.