धंद्याची किंमत: गुणाकाराच्या आधीचं काम

धंदा विकायचा असो, भागीदार बाहेर पडत असो की मुलांच्या नावावर शेअर करायचे असोत, मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आमच्या क्षेत्रात नफ्याच्या किती पट मिळतात? पाच पट, सहा पट असा आकडा कुठून तरी कानावर आलेला असतो आणि सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरत राहते. किती पट, हे बहुतांशी बाजार ठरवतो. कशाच्या पट, हे मात्र तुमच्या वह्यांवरून ठरतं, आणि किमतीतली मोठी तफावत तिथेच पडते.

एक छोटा कारखाना घेऊ. वर्षाची विक्री 400 लाख, करापूर्वीचा नफा 30 लाख. त्यात व्याजाचे 6 आणि घसाऱ्याचे 14 मिळवले की 50 लाख होतात. हा एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीचा नफा. व्याज बाजूला काढतात, कारण कर्ज किती ठेवायचं हे नवा मालक आपल्या हिशोबाने ठरवणार असतो.

आता हा नफा स्वच्छ करायचा. इथे मालक स्वतःच्या बाजूच्या नोंदी चटकन शोधतो. घरातल्या एका माणसाच्या नावावर 5 लाख पगार निघतो, पण तो कामाला येत नाही: अधिक 5. जुन्या कोर्टकज्ज्याचा खर्च याच वर्षी 7 लाख झाला, तो पुन्हा होणार नाही: अधिक 7. घरची गाडी, फोन, प्रवास धंद्याच्या खर्चात: अधिक 3. बुडीत उधारी 4 लाख, 'यंदाच झाली': अधिक 4. एकूण 19 लाख वाढले, नफा 69 लाख. पाच पटीने 345 लाख.

समोरचा हिशेबनीस दुसऱ्या बाजूच्या नोंदी काढतो. मालक स्वतःला 6 लाख पगार लावतो, पण तेच काम करायला बाहेरचा व्यवस्थापक 18 लाखांच्या खाली मिळत नाही: वजा 12. इमारत मालकाची खासगी, कारखाना भाडं देतो 4 लाख, बाजारभाव 10: वजा 6. इतर उत्पन्नात जुनं मशीन विकल्याचा 3 लाखांचा फायदा बसलाय: वजा 3. बुडीत उधारीचं काय, तर मागची चार वर्षं काढून पाहिली की दर वर्षी 3 ते 5 लाख बुडालेले दिसतात. म्हणजे तो अपघात नाही, धंद्याचा नेहमीचा खर्चच आहे. ती 4 लाखांची भर रद्द होते. पगाराची, कोर्टाची आणि घरखर्चाची भर टिकते. 50 मध्ये 15 मिळवा, 21 वजा करा: 44 लाख. पाच पटीने 220 लाख.

पट तीच, धंदा तोच, फरक 125 लाखांचा. बोलणी बहुतेक वेळा इथेच फिसकटतात, कारण मालक 345 मनात धरून बसलेला असतो आणि 220 ऐकल्यावर त्याला वाटतं, समोरचा लुबाडतोय. म्हणून हे काम विकायच्या दोन-तीन वर्षं आधी स्वतःच करून ठेवावं. मालकाचा पगार बाजारभावाला आणावा, भाड्याचा रीतसर करार करावा, घरचे खर्च धंद्यातून काढून टाकावेत. मग वह्याच बोलतात, पटवून द्यावं लागत नाही.

घरच्या खर्चाबद्दल एक गंभीर गोष्ट. 'हे 3 लाख खरं तर माझे खासगी होते' असं खरेदीदाराला लेखी देता, तेव्हा ते 3 लाख करपात्र उत्पन्नातून चुकीने वजा केले होते, हेही लेखी देता. तो कागद पुढे कर तपासणीत निघू शकतो, आणि शेअर विकत घेणारा ती जोखीम स्वतःच्या अंगावर घेणार नाही. तो किंमत पाडेल किंवा पैसे अडकवून ठेवेल. त्यामुळे यादी दाखवण्याआधी कर सल्लागाराकडे जाऊन विवरणपत्रं दुरुस्त करता येतात का ते पाहावं.

वहीबाहेरच्या विक्रीचंही तसंच. कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय व्यवहार म्हणूनही तो तोट्याचा. कराचा दर 25 टक्के धरला तर 1 लाख नफा लपवून वर्षाला 25 हजार वाचतात. तोच 1 लाख विक्रीच्या वेळी दाखवता येत नाही, म्हणून पाच पटीने किमतीतून 5 लाख जातात. खरेदीदाराला 'खरा धंदा याहून मोठा आहे' असं तोंडी सांगून काहीही मिळत नाही. उलट, दाखवलेल्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

पट लावताना एक घोळ वारंवार होतो. अगदी छोट्या, मालक स्वतःच चालवतो अशा धंद्यात मालकाचा सगळा पगार नफ्यात मिळवून आकडा काढायची पद्धत आहे. तो आकडा मोठा असतो, म्हणून त्याला लावायची पट लहान असते. मोठ्या धंद्यांची एबिटडावरची पट उचलून या मोठ्या आकड्याला लावली की किंमत दोन्हीकडून फुगते. पट कुठून आली आणि ती कोणत्या नफ्यावर मोजली होती, हे विचारल्याशिवाय वापरू नये. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांची पट तर छोट्या खासगी धंद्याला कधीच सरळ लावू नये.

पडताळणीसाठी दुसरी पद्धत हाताशी असावी: पुढे येणाऱ्या रोकडीचं आजचं मूल्य. आपल्या कारखान्याचे 44 घ्या. घसाऱ्याचे 14 वजा केले की 30. त्यावर 25 टक्के कर, उरले 22.5. घसाऱ्यात रोख रक्कम जात नाही म्हणून 14 परत मिळवा, पण जुनी यंत्रं बदलायला साधारण तेवढेच लागतात, ते वजा करा. विक्री वाढली की साठा आणि उधारीत पैसे अडकतात, त्याचे 2.5. हातात राहिले 20 लाख. हे पुढच्या वर्षाचे धरा. अपेक्षित परतावा 14 टक्के आणि कायमची वाढ 4 टक्के धरली तर दोन्हींतला फरक 10 टक्के: 20 भागिले 0.10, म्हणजे 200 लाख. पट लावून आलेल्या 220 च्या जवळ आहे, म्हणजे दोन्ही हिशोब एकमेकांना धरून आहेत.

आता वाढ 4 ऐवजी 5 टक्के करा: 222. परतावाही 14 वरून 13 वर आणा: 250. दोन ठिकाणी एकेक टक्का हलवला आणि किंमत चतुर्थांशाने वाढली. कोणत्याही मूल्यांकन अहवालात मी सगळ्यात आधी हे दोन आकडे आणि त्यांची कारणं शोधतो. कायमची वाढ म्हणजे कायमची. ती देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त धरली तर तो धंदा एक दिवस अख्ख्या अर्थव्यवस्थेपेक्षा मोठा होईल. शिवाय वाढ वाढवली की साठा-उधारीत अडकणारे पैसेही वाढायला हवेत. अहवालात वाढ बदलली आणि 2.5 तसेच राहिले, तर तो हिशोब अर्धवट आहे. महागाई धरून काढलेल्या रोकडीला महागाई वगळलेला परतावा लावणं ही आणखी एक नेहमीची चूक. जोखीमही दोनदा मोजू नये: एका ग्राहकाकडे 40 टक्के विक्री असेल तर तो धोका रोकडीत तरी धरा किंवा परताव्याच्या दरात तरी.

मालमत्तेवरून किंमत काढायची पद्धत नफा तुटपुंजा असतो किंवा धंदा मुख्यतः जागा-जमिनीचा असतो, तेव्हाच नीट उपयोगी पडते. तिथेही ताळेबंदातला आकडा उचलायचा नाही. सहा महिन्यांवरची उधारी, हलत नसलेला साठा आणि जुन्या भावाने लिहिलेली जमीन, तिन्ही नव्याने तपासायची.

220 लाख मालकाच्या खिशात येत नाहीत

ही संपूर्ण धंद्याची किंमत झाली. त्यातून बँकेचं कर्ज 60 वजा. भरायचा राहिलेला कर आणि कामगारांची साठलेली रजा मिळून 8 वजा. धंद्याला नको असलेली बँकेतली शिल्लक 15 अधिक. एक मोकळा भूखंड आहे, बाजारभाव 40 लाख, खरेदी 5 ची. तो विकला की 35 च्या फायद्यावर कर लागणार. दर 20 टक्के धरला तर 7 गेले, म्हणून 33 अधिक. एकूण 200 लाख. भूखंडावरचा हा दडलेला कर किती धरायचा यावर वाद होतात, पण तो शून्य धरणारा मालक स्वतःचीच फसगत करतो.

खेळत्या भांडवलावर शेवटच्या दिवशी भांडणं होतात. साठा आणि येणी मिळून जे होतं, त्यातून पुरवठादारांची देणी वजा केली की हे भांडवल निघतं. बारा महिन्यांची सरासरी 70 लाख असेल, तर खरेदीदार 70 धरूनच किंमत देतो. विक्रीच्या आधी काही मालक उधारी झपाट्याने वसूल करतात, पुरवठादारांना थांबवतात, साठा उतरवतात. बँकेत रोकड दिसते, पण ताबा देताना भांडवल 52 वर आलेलं असतं, आणि 18 लाख किमतीतून कापले जातात. हंगामी धंद्यात तर एका महिन्याचा आकडा धरणं धोक्याचंच. सरासरी कशी काढायची, कोणती खाती मोजायची, किती जुनी येणी धरायची, हे करारात एका नमुना हिशोबासह लिहून घ्यावं.

पूर्ण धंद्याऐवजी 30 टक्के हिस्सा असेल तर 200 चे 60 होतात, पण बाहेरचा माणूस तेवढे देत नाही. त्याच्या हातात निर्णय नसतात आणि तो हिस्सा सहज विकताही येत नाही. पहिल्यासाठी 20 टक्के आणि दुसऱ्यासाठी 25 टक्के सूट धरली, तर एकूण सूट 45 नव्हे, 40 टक्के होते, कारण दुसरी सूट उरलेल्या 80 वर लागते. 60 चे 36 राहतात. हीच सूट भागीदाराचा हिस्सा उरलेल्या भागीदारांनी घेताना लावायची का, हे करारावर आणि त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असतं. म्हणून भागीदारी करारात नुसतं 'योग्य किंमत' लिहून सोडू नये. सूट धरायची की नाही, कोणत्या तारखेची किंमत आणि मूल्यांकन करणारा कोण नेमायचा, हे तिन्ही भांडण नसताना लिहावं.

कराच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात मोठा प्रश्न असा: शेअर विकायचे की कंपनीने आपली मालमत्ता विकायची? मालमत्ता विकली तर बऱ्याच देशांत आधी कंपनीला कर लागतो, मग पैसे मालकाकडे येताना पुन्हा. खरेदीदाराला मात्र हे आवडतं: नव्या किमतीवर घसारा मिळतो आणि जुन्या करदेण्यांचं ओझं बऱ्याच अंशी टळतं. शेअर विकण्यात उलट असतं. त्यामुळे दोन प्रस्तावांची तुलना वरच्या आकड्यावर करू नका. कर भरून हातात किती राहतात ते दोन्हीकडे काढा. मालमत्ता विक्रीत एकूण रक्कम साठा, यंत्रं, नावलौकिक आणि स्पर्धा न करण्याचा मोबदला यांत कशी विभागली, यावरही कर बदलतो, आणि ती विभागणी दोन्ही बाजूंच्या विवरणपत्रांत सारखीच असायला हवी. किमतीचा काही भाग पुढच्या वर्षांच्या नफ्यावर मिळणार असेल, तर त्यावरचा कर पैसे हाती येण्याआधीच देय होतो का, हे सहीआधी विचारा.

मुलांना शेअर देताना मूल्यांकन हस्तांतराच्या तारखेचं लागतं. त्या दिवशी जे माहीत होतं किंवा चौकशी करून कळू शकलं असतं, तेवढंच त्यात धरायचं. खरेदीदाराशी बोलणी सुरू असताना जुन्या, कमी किमतीने शेअर दिले आणि काही महिन्यांत तिप्पट भावाने विकले, तर कर खात्याकडून प्रश्न येणारच, आणि त्या बोलण्यांचे ईमेल तारखांसकट सापडतात. तुम्ही मुळात किती भांडवल घातलं याचे कागदही जपून ठेवा, नाहीतर खरेदी किंमत शून्य धरली जाऊन सगळी रक्कम नफा ठरू शकते.

आणि वैयक्तिक हमी. कंपनीच्या कर्जाला मालकाने स्वतः दिलेली हमी शेअर विकल्याने आपोआप संपत नाही. नवा मालक हप्ते चुकला की बँक जुन्या मालकाच्या घरावर येऊ शकते. ताबा देण्याच्याच दिवशी, त्याच टेबलावर, बँकेचं हमी मुक्त केल्याचं पत्र हातात घ्यावं. ते 'नंतर पाठवतो' म्हणत असतील, तर शेअर हस्तांतरावर सही करू नये.