तलंगा येण्याआधीचं एक वर्ष

शनिवारी आमच्याकडे चार तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरण्या कोंबड्या, येणार आहेत. 18 आठवड्यांच्या आहेत, म्हणजे अंड्यावर यायला आता थोडाच अवकाश. खुराडं उभं आहे, जाळी ठोकून झाली आहे, खाद्याचं पोतं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गेलं आहे. आज सकाळपासून मी तीनदा बागेच्या टोकाला जाऊन खुराड्याची कडी लावून बघितली. चार पक्ष्यांसाठी वर्षभर खपल्यावर ते येण्याच्या आदल्या आठवड्यात मन थाऱ्यावर राहत नाही.

इंग्लंडमध्ये हे घर घेतलं तेव्हा मागच्या बागेचा निम्मा भाग दिसतच नव्हता. तिथे ब्रॅम्बल माजलं होतं, म्हणजे रानटी ब्लॅकबेरीची काटेरी वेल. तिची एक सवय आधी कळली असती तर बरं झालं असतं. लांब फांदी कमानीसारखी वाकते, तिचं टोक जमिनीला टेकलं की तिथेच मुळं धरतं आणि तिथून नवं झुडूप उभं राहतं. अशा शेकडो कमानी एकमेकींत गुंतून माझ्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. खाली नेटल, म्हणजे हात लागला की तासभर चुरचुरणारी पानं. आणि या सगळ्यावर बाइंडवीडची पांढऱ्या फुलांची वेल चढलेली. जपानी नॉटवीड तर नाही ना, हे मी आधी दहा वेळा तपासलं. इथे घर विकणाऱ्याला त्या एका वनस्पतीबद्दल फॉर्मवर लेखी उत्तर द्यावं लागतं, इतकी तिची धास्ती आहे. सुदैवाने ती नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या उन्हात जाड हातमोजे घालून मी आणि नवऱ्याने कापायला सुरुवात केली. अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात शेजारचे आजोबा कुंपणाशी आले आणि त्यांनी हात करून थांबवलं. झुडपात रेनचं घरटं आहे, म्हणाले. रेन हा अंगठ्याएवढा तपकिरी पक्षी, शेपटी उभी धरणारा, आवाज मात्र त्याच्या आकाराला न शोभेल इतका मोठा. वापरात असलेलं किंवा बांधकाम चालू असलेलं रानपक्ष्याचं घरटं जाणूनबुजून मोडणं हा इथे 1981च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मार्च ते ऑगस्ट हा घरट्यांचा मुख्य काळ. आम्ही अवजारं धुऊन ठेवली. नवरा हिरमुसला. मीही, कारण मनाने मी मे महिन्यातच कोंबड्या आणल्या होत्या.

आता वाटतं, ते पाच महिने मिळाले म्हणून पुढचं काम नीट झालं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ती जागा रोज बघत होते. जूनच्या मोठ्या पावसात उजव्या कोपऱ्यात दोन दिवस पाणी साचून राहिलं, म्हणजे तिथे खुराडं नको. आणि मे महिन्यात भर दुपारी कोल्ही आली. कुंपणाच्या एकाच फळीखालून आत, झुडपाच्या कडेने सरळ, पलीकडे बाहेर. वसंतात पिल्लं असतात, तेव्हा ती दिवसाही शिकारीला फिरते. तिची वाट मला पाठ झाली. एप्रिलमध्ये जागा साफ केली असती तर मी खुराडं बरोबर त्या वाटेवर मांडलं असतं.

सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरुवात केली. ब्रॅम्बल एकदम जमिनीलगत कापायचं नाही, गुडघ्याएवढे खुंट ठेवायचे. मग मूळ कुठे आहे ते दिसतं आणि ओढायला धरायला काही राहतं. प्रत्येक खुंटाखाली लाकडासारखा कडक गड्डा असतो. तो कुदळीने अख्खा काढला तरच ते झुडूप गेलं म्हणायचं, नाहीतर पुढच्या वसंतात तिथूनच फुटवे येतात. नेटलची पिवळी मुळं त्या मानाने सहज निघतात, आणि नेटल जिथे माजतं तिथली माती कसदार असते. बाइंडवीडशी मात्र लढाई संपलेली नाही. त्याची पांढरी ठिसूळ मुळं तुटतात, आणि प्रत्येक तुकडा नवं रोप होतो.

मातीतून काचा निघाल्या, गंजके खिळे निघाले, तारा निघाल्या. कोंबडी दिवसभर माती उकरते आणि चकाकणाऱ्या गोष्टीला चोच मारून बघते, त्यामुळे हे काम मी गुडघ्यावर बसून, हाताने, वीत-वीत करत केलं. खिळ्यांसाठी लोहचुंबक फिरवलं. जुन्या शेडच्या छपराचा एक करडा पत्रा निघाला, त्याला आम्ही हातही लावला नाही. असे जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात, आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती 1999 मध्ये, त्याआधीच्या शेडचा काही भरवसा नाही. तो जाणकारांकडून उचलून घेतला.

कापलेल्या फांद्यांचा ढीग जाळायचा होता. जाळण्याआधी तो हलवून बघितला तर तळाशी साळूसारखा काटेरी गोळा, हेजहॉग. नोव्हेंबरच्या सुमारास ते थंडीची झोप घ्यायला अशाच ढिगात शिरतात. तो ढीग तसाच कुंपणाला लावून ठेवला, अजून तिथेच आहे.

सगळी जागा उघडीबोडकी करायची नाही, हेही तेव्हाच ठरलं. कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा, आपल्याकडच्या आणि आग्नेय आशियातल्या जंगलात वाढलेला. उघड्या मैदानात कोंबडी बिचकते, वर काहीतरी आडोसा असला की निवांत उकरत बसते. म्हणून हेझलचं जुनं झाड आणि त्याखालची थोडी झुडपं राखली. जमीन साफ करताना काय काढायचं हे डोळ्यांना लगेच दिसतं, पण काय ठेवायचं हे ठरवायला मला जास्त वेळ लागला.

खुराड्यावरून आईशी फोनवर चांगलाच वाद झाला. भिंतीत वरच्या बाजूला फटी बघून ती म्हणाली, "अगं, एवढ्या थंडीत गारठून मरतील त्या. आधी त्या फटी बुजव."

"आई, थंडी त्या पिसं फुलवून सोसतात गं. त्यांना दमट हवा नको असते."

रात्रभराचा श्वास आणि विष्ठेतला अमोनिया बाहेर जायलाच हवा. म्हणून हवेची वाट कोंबड्या ज्यावर बसून झोपतात त्या दांडीच्या वर ठेवायची, अंगावर झोत येईल अशी खाली नाही. दांडी 5 सेंटीमीटर रुंद, कडा घासून गोल केलेल्या, आणि अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते. खोकं उंच असलं तर ती त्यातच झोपते आणि अंडी घाण होतात. छपराला डांबरी फेल्ट मुद्दाम लावलं नाही, कारण लाल माइट नावाचे बारीक किडे त्याखाली दिवसा लपतात आणि रात्री बाहेर येऊन कोंबड्यांचं रक्त पितात.

जाळीच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकलं नाही. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. आम्ही 13 मिलिमीटर भोकांची वेल्ड केलेली जाळी घेतली. तिच्यातून मोठा उंदीरही शिरत नाही. खाली ती कुंपणाबाहेरच्या बाजूला जमिनीवर 45 सेंटीमीटर पसरून वर माती टाकली. कोल्हा भिंतीच्या पायाशीच उकरायला लागतो, आणि पायाखाली जाळी लागली की अडतो.

कागदपत्रंही करायची होती. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी पाळली तरी सरकारकडे नोंद करावी लागते. पूर्वी ही सक्ती 50 पक्ष्यांपासून होती. बर्ड फ्लू पसरला की पक्षी आतच ठेवण्याचा हुकूम निघतो. 2022च्या नोव्हेंबरात निघाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. म्हणून फिरायच्या जागेवरही पक्कं छप्पर घातलं आहे, नाहीतर तेवढे महिने त्यांनी खुराड्यात कोंडून काढायचे.

आईला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं, भाजीची सालंसुद्धा, इथे कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे. फक्त ज्या घरात प्राणिजन्य काहीच येत नाही त्या घराला सूट. 2001 मध्ये इथे लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली, 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, आणि सुरुवात डुकरांना घातलेल्या उष्ट्यातून झाली असं निष्पन्न झालं. हे सांगितल्यावर आई गप्प झाली. मग म्हणाली, "बरं, बागेतली पालेभाजी थेट खुडून घातली तर चालते ना?" चालते. तिच्यासाठी दोन वाफे केले आहेत.

काल संध्याकाळी त्या फांद्यांच्या ढिगात हालचाल दिसली. रेन चोचीत शेवाळ घेऊन आत-बाहेर करत होता. नर एकाच वेळी कितीतरी घरटी बांधून ठेवतो आणि मादी त्यातलं एक पसंत करते, त्यामुळे हे टिकेलच असं नाही. तरी शनिवारी तलंगांची पेटी त्या बाजूने न्यायची नाही, हेझलच्या मागून वळसा घालून जायचं ठरवलं आहे. अंधार पडला की मी टॉर्च घेऊन जाणार, चौघी दांडीवर चढल्यात की खोक्यात दाटीवाटीने बसल्यात ते बघायला. खोक्यात असतील तर एकेकीला उचलून वर बसवायचं. सवय लागेपर्यंत रोज.