पंख्याचा ठेका

हॉलमधला पंखा गेले चार दिवस लंगडत होता. टक्... ट-टक्... टक्. पहिल्या दिवशी वैताग आला, दुसऱ्या दिवशी विसरून गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गवार निवडता निवडता आपण त्या आवाजावर मान हलवतोय हे लक्षात आलं. शीर काढायची, मोडायची, टाकायची. मोडल्याचा आवाज बरोब्बर त्या मधल्या, घाईघाईने आलेल्या ‘ट’वर पडत होता. अर्धा किलो गवार कधी संपली कळलं नाही. एरवी गवार निवडायची म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

चौथ्या दिवशी नवऱ्याने इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो आला तेव्हा स्पीकरवर रॉबर्ट ग्लास्परचं जॅझ चालू होतं. स्टुलावर चढून त्याने आधी पंख्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग माझ्याकडे.

“ताई, आधी कुठलं बघू? तो पण अडकतोय.”

अडकत नव्हता हो. ते तसंच आहे. पण हे स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला सांगणार कसं? मी आपलं “आधी पंखा बघा” म्हटलं.

मी जॅझमधली जाणकार वगैरे नाही. भाचा ह्यूस्टनला असतो. मी त्याला दिवाळीचा फराळ पाठवते आणि तो मला गाणी पाठवतो. चकल्या धड पोचतात, अनारशांचा वाटेत भुगा होतो. गाण्यांचंही साधारण तसंच. त्यातली काही डोक्यावरून जातात, काही घरात मुक्कामाला राहतात. ग्लास्पर ह्यूस्टनचाच, म्हणून भाच्याच्या यादीत त्याचा नंबर पहिला. पियानो वाजवतो. त्याचा २००९ सालचा ‘डबल-बुक्ड’ हा अल्बम मी सगळ्यात जास्त ऐकलाय, आणि त्याचं निम्मं कारण म्हणजे त्यातली गंमत. एकाच मुहूर्ताच्या दोन लग्नांची सुपारी घेतलेल्या बँडवाल्यासारखी या माणसाची अवस्था झालीय, अशी ती कल्पना. सुरुवातीलाच ट्रम्पेटवाला टेरेन्स ब्लँचर्ड फोनवर निरोप ठेवतो. मग अर्धा अल्बम साधासुधा: पियानो, उभा बास, ड्रम. आणि उरलेल्या अर्ध्यात हाच माणूस ‘एक्स्पेरिमेंट’ नावाचा दुसरा संच घेऊन येतो. त्यात केसी बेंजामिन व्होकोडरमधून गातो, म्हणजे श्वास माणसाचा आणि गळा यंत्राचा. ड्रमवर दोन्हीकडे ख्रिस डेव्ह. आणि हा ख्रिस डेव्ह, इलेक्ट्रिशियन म्हणाला तसा, अडकतो.

म्हणजे मुद्दाम अडकतो. ठोका जिथे पडायला हवा तिथे तो पडत नाही. जरा अलीकडे पडतो, नाहीतर पलीकडे. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं पोटात होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही ब्लूटूथ बंद करून पुन्हा सुरू केलं होतं. हर्बी हॅनकॉक या जॅझ पियानोवाल्याने १९८३ मध्ये ‘रॉकिट’ या रचनेत तबकडी हाताने मागेपुढे खरवडायचा आवाज थेट वाद्यासारखा वापरला. आमच्या बाबांनी तो ऐकला असता तर “सुई गेली, सुई गेली” करत आतून धावत आले असते.

या अडकण्याचं मूळ डेट्रॉइटमध्ये आहे. जेम्स यान्सी नावाचा मुलगा, धंद्यातलं नाव जे डिला. हा हिप-हॉपवाल्यांसाठी बीट, म्हणजे गाण्याखालचे ठेके, बनवायचा. त्याच्याकडे अकाई कंपनीचं एमपीसी ३००० नावाचं यंत्र होतं. चार ओळींत चार असे सोळा रबरी ठोकळे, बोटाने दाबला की आवाज. माणसाचं बोट जरासं मागेपुढे होणारच, म्हणून यंत्रात सोय अशी की चुकलेला ठोका ते स्वतःच ओढून नेमक्या जागी बसवतं. डिलाने या सोयीला फारसं जुमानलं नाही. पायाच्या ड्रमचा ठोका तो रेंगाळू द्यायचा, स्नेअर, म्हणजे काठीने वाजतो तो करकरीत छोटा ड्रम, जरा आधीच सोडायचा, आणि बाकीचं आपलं सरळ चाललेलं. ‘द रूट्स’ या हिप-हॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह सांगतो की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा झिंगलेलं तीन वर्षांचं पोर पाय आपटत असावं असं वाटलं.

पुढची भानगड अशी की यंत्राकडून काढून घेतलेलं हे अडखळणं मग माणसं शिकायला बसली. खरे ड्रम, खऱ्या काठ्या, आणि रियाज कसला, तर यंत्रासारखं चुकायचा. ग्लास्परने २००७ च्या ‘इन माय एलिमेंट’मध्ये डिलाचे बीट नुसत्या पियानो, बास आणि ड्रमवर वाजवले, यंत्र औषधालाही नाही. आणि ते बीट मुळात आले कुठून? जुन्या जॅझच्या तबकड्यांमधूनही. अहमद जमाल या पियानोवाल्याची १९७४ ची ‘स्वाहिलीलँड’ नावाची रचना होती. तिचा तुकडा कापून डिलाने १९९६ मध्ये ‘डे ला सोल’ या हिप-हॉप त्रिकुटासाठी गाणं रचलं. म्हणजे पियानोतून यंत्रात आणि यंत्रातून परत पियानोवर. आजीची पैठणी कापून नातीला परकर शिवावा आणि पुढे कुणा विणकराने त्या परकराकडे बघून, शिवणीच्या रेघांसकट, नवी पैठणी विणावी, असा हा प्रकार.

(ग्लास्परचा २०१२ चा ‘ब्लॅक रेडिओ’ जास्त गाजला, ग्रॅमीही मिळालं. मला तो जरा इस्त्री केलेला वाटतो. भाच्याला हे पटत नाही.)

तर शिवणीच्या रेघांवरून मला आमचे पेटीचे सर आठवले.

मिरजेला आम्ही सहा पोरं संध्याकाळी सरांकडे पेटी शिकायला जायचो. साथीला तबल्यावर एक दादा यायचा. तो एसटीत लागला आणि सरांनी इलेक्ट्रॉनिक तबला आणला. पोळ्यांच्या डब्याएवढी पेटी, चार-पाच गोल बटणं, आणि त्यातला ‘धा’ म्हणजे पाण्याच्या पिंपावर थाप मारल्यासारखा. सरांचं आणि त्या डब्याचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. “हा दम खात नाही,” म्हणायचे. दादा दम खायचा. मधेच लुंगी सावरायचा, लय इंचभर खाली यायची, सर त्याच्याकडे बघायचे आणि लय परत वर.

एका संध्याकाळी भूप चालला होता. तीनताल, सोळा मात्रांचा. अंतऱ्याला लागलो आणि लाईट गेले. डबा मुका झाला. सर थांबले नाहीत. मांडीवर टाळी-खाली देत गात राहिले, म्हणून आम्हीही अंधारात चाचपडत वाजवत राहिलो. स्वयंपाकघरात काकू काडेपेटी शोधत होत्या, भांडं पडल्याचा आवाज आला, तोही कुठल्यातरी मात्रेवर पडला. पाच-सहा आवर्तनं झाली असतील. आणि लाईट आले.

डब्याने पहिल्यापासून सुरुवात केली. समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, ‘धा’, पूर्ण आवाजात. सर त्या क्षणी नवव्या मात्रेवर होते; हात खालीचा, हवेत.

आम्हा सहा जणांतले तिघं डब्याबरोबर गेले, दोघं सरांबरोबर राहिले आणि एकाने हातच उचलले. मी डब्यावाल्यांत होते. त्याचा आवाज मोठा होता, दुसरं काही कारण नाही. सर भडकले.

“कुणाचं ऐकताय? त्याला काय माहीत आपण कुठवर आलोय!”

वास्तविक बटण बंद करून पुन्हा सुरू करणं एका सेकंदाचं काम होतं. सरांनी केलं नाही. तो संपूर्ण क्लास त्यांनी डब्याच्या आठ मात्रा उलटा घेतला. त्याची सम ती आमची खाली, आमची सम ती त्याची खाली. शेवटी शेवटी ते चक्क हसत होते. रस्त्याने घरी जाताना माझ्या डोक्यात दोन समा वाजत होत्या आणि चप्पल तिसरंच काहीतरी म्हणत होती.

समेच्या आधी आलात तर अनागत, नंतर आलात तर अतीत, हे शब्द मला सरांनीच शिकवले. डिला ऐकताना तेच मनात येतात, पण ते तंतोतंत लागू होत नाहीत हेही कळतं. आपला तबलजी समेच्या तोंडाशी अशी एखादी खोडी काढतो, दाद घेतो आणि परत रस्त्याला लागतो. डिलाची खोडी प्रत्येक ठोक्यात आहे, आणि दाद द्यावी असं एक ठिकाण नाही. सरांना हे ऐकवलं असतं तर काय म्हणाले असते? “पोराला लय आहे. अंगात कणकण दिसते.” बहुतेक एवढंच.

ह्यूस्टनचा आणखी एक पियानोवाला आहे, जेसन मोरान. भाच्याकडून कळलं की हा आणि ग्लास्पर एकाच शाळेतले, जिथे संगीत, नृत्य असलं शिकवतात. मोरानचा २००३ चा ‘द बँडवॅगन’ हा अल्बम न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये लोकांसमोर ध्वनिमुद्रित झालेला. त्यात एक बाई तुर्की भाषेत फोनवर बोलतेय, मुद्रित केलेलं बोलणं, आणि पियानो, बास, ड्रम तिघं तिच्या शब्दामागून शब्द, सुरामागून सूर धावताहेत. ती थबकली की थबकतात, तिने एका दमात पाच वाक्यं टाकली की यांची तारांबळ. मला तुर्कीतलं अक्षर कळत नाही, पण विषय जावेचा आहे याबद्दल माझी खात्री आहे.

हे मी नवव्या वर्षी करून बसले होते. आळीत फोन फक्त आमच्याकडे, त्यामुळे आत्या दर रविवारी आमच्या घरी येऊन इचलकरंजीला बोलायची. तिचं ‘अगंबाई’ सा वरून पंचमावर उडी मारायचं आणि पायरी पायरीने खाली यायचं. ‘खरं की काय’ मात्र खालून वर, आणि वरच अडकून राहायचं. मी पेटी काढून हे सूर शोधायला लागले. ‘अगंबाई’ सापडलं, ‘खरं की काय’ सापडलं, पण तिचा ‘अय्या’ काही केल्या सापडेना. तो पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडायचा. मी एकदा वरची, एकदा खालची, मग दोन्ही एकदम दाबल्या. आत्याने फोनवर तळहात ठेवला, माझ्याकडे वळली, आणि पुढचं तिने कुठल्या सुरात म्हटलं ते मी वाजवायच्या भानगडीत पडले नाही.

“ताई, कप आपटत होता वरचा. बाकी काही नाही.”

इलेक्ट्रिशियनने स्क्रू आवळला, पंखा सुरू केला. गुळगुळीत. वारा तेवढाच, आवाज नाही.

“जुना आहे, पण मोटर चांगली आहे. किती वर्षं झाली?”

मी हिशेब करत होते. या घरात आलो त्या उन्हाळ्यात घेतला. तेव्हा मी ३२ वर्षांची. डिलाचा ‘डोनट्स’ हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ ला बाहेर आला, तो त्याचा बत्तिसावा वाढदिवस. तीन दिवसांनी तो गेला. बरेच दिवस आजारीच होता. ते सोळा ठोकळ्यांचं यंत्र त्याच्या आईने देऊन टाकलं, आता ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. भाचा बघून आला. हात लावू देत नाहीत म्हणाला.

“झाली बरीच,” मी म्हटलं.

त्याने अडीचशे रुपये घेतले, स्टूल जागेवर ठेवलं आणि दारात चपला घालताना पुन्हा एकदा आत मान वळवली. ख्रिस डेव्हचं चालूच होतं.

“तेवढा स्पीकर दाखवून घ्या कुठंतरी.”

बघते, म्हटलं.