डावीकडे पळणारे बाण

दिवाळीपासून माझे बाण डावीकडे पळत होते आणि मी उगाच बोटांना शिव्या घालत होतो.

साताऱ्यात धनुष्याचा विषय निघाला की लोक अदिती स्वामीवर येतात. 2023 ला बर्लिनमध्ये जगज्जेती झालेली आपली पोरगी, अभिमान आहेच. पण तिचं कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य. माझं साधं लाकडी रिकर्व्ह, टोकं पुढे वळलेलं. नेम धरायची साइट नाही, काही नाही, बाण सरळ शेल्फवर, म्हणजे मुठीच्या वरच्या खाचेवर टेकवायचा. धनुष्यावर 35 पाउंड लिहिलंय, पण ते 28 इंच खेचल्यावर. मी जेमतेम 27 खेचतो, म्हणजे बोटांवर येतात 33 च्या आसपास.

दुकानदाराने 500 स्पाइनचे बाण कापून हातात दिले. स्पाइन म्हणजे बाण किती ताठ, त्याचा आकडा. मोठा आकडा म्हणजे कडक, अशी माझी समजूत. आहे नेमकं उलटं! 28 इंचांवर दोन्हीकडे टेकवलेल्या शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या काडीच्या मध्यावर 880 ग्रॅम वजन टांगायचं. तो इंचाचे जितके हजारांश वाकेल तो आकडा. 500 म्हणजे अर्धा इंच. सुटलेला बाण वाकत वाकत धनुष्याला वळसा घालतो. माझ्या धनुष्याला हे बाण फारच ताठ होते, आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो.

पिसं चूक झाकतात, म्हणून एका बाणाची पिसं सोलली आणि मेहुण्याच्या शेतात बारा पावलांवरून पोत्यावर मारला. पिसंवाल्यांपासून हातभर डावीकडे! शिवाय रुतलेल्या बाणाचं शेपूट वर. आधी शेपटाचं बघायचं: बाण स्ट्रिंगवर कुठे लावायचा ते दाखवणारी दोऱ्याची गाठ दोन मिलिमीटर खाली घेतली. फार खाली घेऊ नका, बाण शेल्फवर आपटतो आणि नसलेला ताठपणा दाखवतो. मग 100 ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं माप) पॉइंट, म्हणजे बाणाचं टोक, काढून 150 चा लावला. पुढे वजन वाढलं की बाण जास्त वाकतो. हाताचं अंतर वितीवर आलं, पण तिथेच अडलं.

शेवटी 700 चे, न कापलेले मागवले. हे उजवीकडे! तेव्हा हायसं वाटलं, कारण जास्त वाकणारा बाण कापून ताठ करता येतो, ताठ बाणाला लांब कसा करणार? नॉक, म्हणजे स्ट्रिंगमध्ये अडकणारी मागची खाच, नुसता दाबून बसवलेला असतो, म्हणून मागच्या टोकाकडून पाव-पाव इंच कापत गेलो. तोंडाला मास्क बांधून. कार्बनची धूळ वाईट. साडेएकोणतीस इंचांवर बिनपिसाचा बाण बाकीच्यांत जाऊन बसला.

जुने 500 वाले मेहुणा टोमॅटोच्या आधाराला मागतोय. त्याचा पोरगा 45 पाउंडांचं धनुष्य घेईन म्हणतो, तोवर ते माळ्यावर.